नळ्यांचा बाजा घरोघरी गेला

आमी मूळचे लोहार. बेंबळीच्या अलीकडं, धाराशिवच्या रस्त्याला लागून आमचं गाव, तिथं माझ्या आजानं ख्रिस्ती धर्म घेतला पर ऐरण काय सोडली न्हाय, सकाळी प्रार्थना आन् मग भाता, आसं आमच्या घरचं चालायचं. भाता पोरींनी वढायचा ही आमच्यातली रीत, उभं राहाया लागले तवापासनं माझ्या हाताला भात्याची दोरी, बाप म्हनायचा रूथे, इस्तू भडकता बी कामा नये आन् इझता बी कामा नये, सारखा वारा दे. नाव माझं रूथ, पर समदं गाव रुथाक्का म्हनतंय, तुमी बी तसंच म्हना.

आता बाजाचं सांगते. तुमी ऑर्गन म्हनता ते. पेटी न्हवं, पेटी मांडीपुढं बसती, ह्यो भिंतीला टेकून उभा, नुसत्या नळ्याच नळ्या, कथलाच्या, काही लाकडाच्या, बारकी बोटाएवढी आन् मोठी पुरुषभर उंच, म्हून आमी त्याला नळ्यांचा बाजा म्हनायचो. निजामाच्या राज्यात गोऱ्या पाद्रीसाहेबानं बोटीनं आणला, बार्शीपर्यंत रेल्वेनं, तिथनं म्होरं बैलगाड्या. हद्दीवर करोडगिरीचा नाका, म्हंजी निजामाची जकात. तिथल्या जमादारानं खोकी उघडली, नळ्या बघितल्या आन् बोंब ठोकली की साहेब बंदुका आणतोय. साहेबाला उर्दू येईना, जमादाराला इंग्रजी येईना, गाड्या उन्हात उभ्या. मग जमादार म्हनला, गाण्याची चीज हाय ना, मंग गाऊन दावा. काय सांगू तुम्हाला, तो साहेब आन् त्याची मड्डम भर रस्त्यात उभं राहून गायले की वो, गाडीवानांनी ताल धरला, तवा कुठं सुटका झाली. माझा आजा त्या गाड्यांच्या बरोबर व्हता, मरेपर्यंत हे सांगून हसायचा.

तर माझं लगीन झालं शांतवन मास्तरांसंगं. शाळंत मास्तर आन् रविवारी आमच्या देवळात, म्हंजी चर्चमदी, बाजा वाजवणार. बाजाला वारा लागतो, मागं पडद्याआड भात्याचा एक लाकडी दांडा, तो खालीवर करायचा. माझ्याआधी जे गडी हाणायचे ते एकतर डुलकी घ्यायचे न्हायतर अंगात आल्यावानी हाणायचे, त्यामुळं गाणं कधी कुंथायचं, कधी किंचाळायचं. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी मी म्हनलं बाजूला व्हा, हे आमच्या घरचं काम हाय. आन् त्या दिवशी मंडळी गाता गाता वळून बघाया लागली, बाजा आज आसा कसा गोड वाजतोय. बाहेर आल्यावर जो तो म्हनतोय, मास्तर, तुमच्या हाताला काय गोडी वो. घरी मी इचारलं, हाताला गोडी, आन् वारा कुणाचा? मास्तर हसले. पर एकदा भाजीत मीठ जास्त झालं म्हून पाव्हण्यांदेखत मला टाकून बोलले, तवा दुसऱ्या दिवशी उपासनेत मधल्या कडव्याला म्या दांडा सोडला न् हाताची घडी घालून बसले. बाजा म्हातारीच्या खोकल्यावानी खाली खाली गेला न् गप. मंडळी तशीच आ वासून. मला त्याचा आजून पस्तावा न्हाय, त्याच्यानंतर मास्तर कधी मिठाबद्दल बोलले न्हाईत.

मास्तर गेले. मंग माझी सून एस्तेर वाजवाया लागली, धाराशिवला शाळंत शिकवती ती, हात चांगला हाय, आन् मागं मी हायेच. मला वाटायचं मास्तर गेले तरी त्यांचा आवाज हाय, दर रविवारी हाय. खरं सांगते, मी देवाच्या भेटीला जायची का त्या आवाजाच्या, ते देवालाच ठाऊक.

मंग तो पाऊस आला. इकडं आमच्याकडं थेंबाला म्हाग, आन् त्या वर्सी आभाळ फाटलं, नदीनाले सगळे रस्त्यावर. देवळाची कौलं आधीच हाललेली, तुळई वाळवीनं पोखरलेली, भर दुपारी ती तुळई सगळी घेऊन बाजावर आली. आत कोण नव्हतं ही देवाची किरपा. आमी धावलो तर खालची पेटी चेपलेली, वाऱ्याच्या भात्याची कातडी फाटलेली, पट्ट्या दातं पडल्यावानी इकडं तिकडं, आन् नळ्या पाण्यात. म्या तिथंच बसकण मारली. पुण्याहून एक जाणता माणूस आणला, चांगला व्हता बिचारा, हात लावून लावून बघितलं आन् म्हनला, मावशी, ह्यो आता उभा राहायचा न्हाय. कमिटीनं ठरवलं की देवळाला नवं छप्पर आन् गाण्याला कीबोर्ड, आन् नळ्या भंगारात. भंगारात! त्या कथलाचा रस करतील, मास्तरांचा आवाज वितळवतील, हे माझ्या डोक्यातनं जाईना, जेवण गोड लागंना.

आमच्यात हंगामाचा सण आसतो. पिकं आली की ज्यानं त्यानं देवळात आणायचं, ज्वारी, तूर, भोपळा, कोंबडी, आन् उपासना झाली की आंगणात लिलाव. घेणाऱ्यानं घ्यायचं आन् म्हनायचं, परत देवाला, की तीच कोंबडी पुन्हा लिलावात. एकच कोंबडी चारचार घरची व्हऊन येती. त्या सणाला कमिटीच्या दानियलरावांनी नळ्या बी आंगणात ठेवल्या, भंगारवाल्याला सांगितलेलं की सगळा ढीग तूच ने. पर आमचे दानियलराव जल्मभर लिलाव करणारे, सवय कुठं जातीय, ढीग म्हनायचं सोडून त्यांनी एक नळी उचलली आन् बोली सुरू केली, घ्या, एक नळी! झालं. आमच्यातल्याच म्हाताऱ्या याकोबानं घेतली. दुसरी त्याच्या भावकीनं घेतली. मंग काय, इर्षा, त्याच्या घरात हाय तर माझ्या घरात का न्हाय. समोरचे म्हादप्पा, किराणा दुकानवाले, लिंगायत, ते सुदिक रस्ता वलांडून आले आन् सगळ्यात मोठी नळी घेतली. दानियलराव म्हनले, आप्पा, ह्यो आमच्या देवळाचा लिलाव हाय. म्हादप्पा म्हनले, जल्म गेला गल्ल्यावर बसून ह्योच आवाज ऐकण्यात, माझा काय हक्क न्हाय का रं? आन् परत देवाला आसं कुणी म्हनलंच न्हाय, ज्यानं त्यानं खांद्यावर टाकली न् घरी नेली. भंगारवाला रिकामी गाडी घेऊन गेला.

लोक हसत व्हते आन् मी घरी येऊन रडले. म्हनलं भंगारात तरी एका जागी ऱ्हायला आसता, आता तर घरोघर तुकडे झाले.

मंग एक दिवस मी दारात तूर निवडत बसलेली. घेतलीया म्हून लोक नळ्या फुंकून बघायचे, खालच्या टोकाला तोंड लावून फुंकलं की सूर निघतो, दिवसभर गावात पीं न् भों चाललेलं. तेवढ्यात म्हादप्पाच्या दुकानातनं आलं भों, लगेच याकोबाच्या घरनं पीं, मंग वरच्या आळीतनं एक. माझा हात सुपात तसाच. मास्तर नाताळाला जे पहिलं गाणं वाजवायचे ना, त्याचे ते पहिले तीन सूर! तूर गेली उडत, मी उठले न् एस्तेरला हाक मारली, पोरी, बाजा मेला न्हाय गं, नुसता घरं करून राहिलाय!

एस्तेरनं कीबोर्डवर सूर लावून एकेक नळी ताडली, खडूनं खूण केली. कोण कुणाच्या मागनं फुंकणार ते आमी बसवाया लागलो. पहिल्या दिवशी सगळ्यांनी एकदमच फुंकलं, गाढवांचा बाजार बरा! देवळाचे नवे पाळकसाहेब, म्हंजी पाद्री, तरुण हायेत, शहरातले, काकुळतीला येऊन म्हनले, रुथाक्का, नाताळाला पाव्हणे येणार, हसं व्हईल. म्या म्हनलं, हसं झालं तर माझं, नावाजलं तर देवाचं. पर आतनं मी बी भ्याले व्हते. एकदा का लोक हसले तर दुसऱ्या दिवशी त्या नळ्या चुलीमागं पडणार, आन् मंग खरंच संपलं.

नाताळच्या सकाळी देऊळ गच्च. इतकी वर्सं मी पडद्याआड, लोकांची नुसती पाठ बी कधी दिसली न्हाय, आन् आता म्होरं उभी, समदी तोंडं माझ्याकडं. हात वर केला न् म्हादप्पाकडं बोट दावलं. भों! मंग याकोबा. मंग वरची आळी. माझा हात चालला तसा एकेक माणूस वाजाया लागला, न चुकता, न घाई करता, कुणी डोळं मिटलेलं, कुणाचं गाल भोपळ्याएवढं फुगलेलं, आन् ते गाणं आख्खं उभं राहिलं की वो! मधला एक सूर नव्हता, ती नळी तुळईखाली चेपलेली. त्या जागंवर मी हात थांबवला, आन् कुणी सांगितलं नव्हतं, समद्या मंडळीनं तोंडानं तो सूर धरला. दुसऱ्या कडव्याला बी धरला. पाळकसाहेब मोठमोठ्यानं रडत व्हते आन् हसत व्हते. भिताडाबाहेर निम्मं गाव उभं, टाळ्या थांबंनात, म्हादप्पा छाती काढून म्हनतोय, अक्का, आजून एकदा! पुन्हा एकदा केलं. मास्तर गेल्यापासनं तेवढी मी कधी हसले न्हाय.

आता हर सणाला आसंच. कीबोर्ड कपाटात हाय, आजारीपाजारी आसलं की काढतो. परवा याकोबा गेला, म्हातारा झाला व्हता. पोरांनी भांडी वाटली, रान वाटलं, आन् नळी माझ्याकडं आणून ठेवली, म्हनले तुमचीच हाय. म्या ती घेऊन त्यांच्या घरी गेले न् म्हनलं माझी कशी, तुमच्या घरात गातंय कोण? याकोबाची धाकटी सून दाराआड उभी व्हती, तिला बाहेर बोलावली, तिच्या हातात दिली न् म्हनलं फुंक. तिनं सासूकडं बघितलं, पदर खवला आन् आशी फुंकली, आशी फुंकली, की रस्त्यावरची माणसं थांबली. देव तिचं भलं करो, तुमचं बी करो. माझं काय, मी गेल्यावर म्होरं एस्तेर उभी ऱ्हाईल, सगळं ठरलंय.