सोमवारी परत न्यायची बाटली

नाही, त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय आखूड आहे—इकडे बैस, पंख्याखाली. गाडी आत घेतलीस ना? ठीक. आणि फाटकावर त्या लाल पट्ट्या कशाला, ते विचारू नकोस. येणारा प्रत्येक जण विचारतो, मी सांगत नाही. चहा घेशील—घेशीलच, बारामतीपासून उन्हात आली आहेस—साखर बेताची घातली आहे. तुझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर ‘प्रतिक्षा’ छापले आहे, ‘ती’ दीर्घ हवी; एवढ्या मोठ्या संस्थेत कोणाच्याच लक्षात येत नाही का? असो. माझी नात तुझे नाव फार घ्यायची. प्रयोगशाळेत तुम्हां दोघींचे टेबल एकच होते ना? तेव्हा तू कशासाठी आलीस ते मला ठाऊक आहे. ती बघ, उसाच्या रोपाची बाटली, उत्तरेच्या खिडकीत आहे. हात लावू नकोस अजून.

आणि मला समजावून सांगण्याचीही गरज नाही. मी जुन्या अकरावीची मॅट्रिक आहे, आणि स्वरूपा शनिवारी घरी आली की याच टेबलाशी बसून मला सगळे सांगायची, मग माझ्याकडून वदवून घ्यायची—चुकले की हसायची. उसाच्या मुळात एक जनुक आहे, खारे पाणी लागले की ते जागे होते, असा तिचा कयास; पण जागे झाले हे बाहेरून कळणार कसे? जनुक डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्या जनुकाची जी कळ आहे—दिव्याच्या बटणासारखी—ती कळ घ्यायची, आणि तिला जिवाणूचे एक जनुक जोडून द्यायचे, विकर, म्हणजे एन्झाइम, बनवणारे. ते विकर उसाजवळ एरवी नसतेच. तेव्हा मीठ जिथे कळ दाबील तिथेच ते तयार होणार, आणि वरून ते बिनरंगाचे औषध घातले की तेवढीच जागा निळी होणार. बरोबर सांगितले ना? ती त्याला रिपोर्टर म्हणायची—मी म्हटले, बातमीदार म्हण, मराठीत शब्द आहे. तर म्हणते कशी, “आजी, तुझा बातमीदार मूळचा कुठला म्हाइती हाय का? माणसाच्या आतड्यातला जिवाणू हाय, त्याच्यातनं आणलाय.” याच टेबलावर, जिथे मी शेवयांची परात ठेवते! मी उठले, फडके आणले, टेबल पुसले. ती पोट धरून हसत होती—“बाटली बंद हाय गं, विटाळ न्हाय व्हत”—मुद्दाम तसे बोलायची, मला चिडवायला. शुद्ध बोलता येत होते तिला. मी शिकवले होते.

आमचे खालचे रान तू पाहिले नसशील. कालव्याचे पाणी मुरून मुरून मीठ वर आले आहे, उन्हाळ्यात जमिनीवर पांढरी पापडी धरते. तिथला ऊस पिवळा पडला की सर्जेराव—माझा मुलगा, तिचे वडील—खताची पोती नेऊन ओततो. ती त्याला म्हणायची, “पप्पा, पानं पिवळी दिसायला लागली म्हंजे लई उशीर झालेला असतो. मुळाला कवाच कळलेलं असतं.” मुळाला काय कळले, कुठे कळले, एवढेच तिला बघायचे होते. एवढ्यासाठी सारी खटपट.

नियमाने ही बाटली संस्थेबाहेर यायलाच नको होती. मी तिला पहिल्यांदा तेच विचारले, सरांची परवानगी घेतलीस का? तर म्हणे, “तुला एकदा डोळ्यांनी दाखवायची होती, सोमवारी परत नेते.” खिडकीत तिनेच ठेवली. मग कोणाच्या साखरपुड्याला इंदापूरला गेली, आणि तिथून दिवस मावळताना स्कूटीवर परत येत होती—पुढचे तुला माहीत आहे. तेराव्याला तू आली होतीस. पिवळी ओढणी होती, मागे भिंतीला टेकून उभी होतीस.

म्हणजे तुमच्याकडच्या बाकीच्या बाटल्यांना बुरशी लागली, आणि ही एकच राहिली. फोनवर सरांनी सांगितले ते. ही तपासली तर तिचे काम पुरे होईल, छापून येईल, पहिले नाव तिचे राहील. आणि पानाचा तुकडा घेऊन भागत नाही? नाही, मला वाटलेच, प्रश्न मुळाचा आहे. अख्खे उपटायचे, मिठाच्या पाण्यात ठेवायचे, मग औषधात बुडवून रात्रभर उबेला ठेवायचे, विरजण ठेवतात तसे. सकाळी निळे आले तर आले. रोप मात्र संपले. मारल्यावाचून कळतच नाही का, असे मी तिलाही विचारले होते. म्हणाली, “या रीतीत न्हाय कळत, आजी.”

अडचण माझी नाही. मी आत्ता उचलून देईन. अडचण सर्जेरावाची आहे. रोप उजेडाकडे कलते, म्हणून तो रोज सकाळी बाटली फिरवून ठेवतो, थोडीशी, आणि उभा राहतो. घरात बोलत नाही. सूनबाई माहेरी आहे, वरकुट्याला, तेव्हापासून—ती त्याच्या समोर—ते जाऊ दे. हे रोप आहे तोवर त्याला काय वाटते कोण जाणे. मी विचारलेले नाही.

काय म्हणालीस? काही नाही? मला वाटले, ती ट्रॉली कोणाची होती म्हणून विचारलेस. तुमच्या संस्थेत काय सांगितले—उसाची ट्रॉली रस्त्यात उभी होती, मागे दिवा नव्हता, चमकणारी लाल पट्टी नव्हती, अंधुक उजेडात दिसली नाही? ते सगळे खरे आहे. टायर फुटला होता, आमच्याच वस्तीच्या फाट्यावर. ड्रायव्हर जॅक न्यायला घरी आला होता, ओट्यावर पाणी पीत होता, तेव्हा आवाज आला. आमच्या ओट्यावर. आमचा ड्रायव्हर. मागची पट्टी निघालेली मी दिवाळीतच पाहिली होती, आणि म्हटलेही होते, सर्जा, तेवढी पट्टी लावून घे. तर म्हणाला, “लावू की आई, गाळप संपू दे. आपल्याच फाट्यावर कोण येऊन धडकतंय?”

हे मी कोणाला सांगितलेले नाही. तुलाही सांगायचे नव्हते. चहा निवला तुझा, राहू दे.

तर ने ती बाटली. सोमवारी परत नेते म्हणाली होती. किती सोमवार होऊन गेले. शब्द दिला होता तिने. आणि त्यालाही कळू दे एकदा, मुळाला आधी कळत होते की नव्हते ते—नाही, तसे नाही म्हणायचे मला. शिक्षा म्हणून देत नाही मी. बहुधा नाही. थांब, पंच्यात गुंडाळून देते. आडवी धरू नकोस.

कोण, अंगणात? तोच तो. घाबरू नकोस, तुझ्या गाडीला काही करत नाही. मागे पट्टी लावतो आहे. लावू दे. सगळ्यांना लावतो—फाटक झाले, गोठा झाला, पाण्याची टाकी झाली, रतीब घालणाऱ्या भीमाच्या किटलीलाही लावली, परवा म्हैस उभी राहिली नाही म्हणून सुटली. आधी फडक्याने पुसतो, कोरडे करतो, मग चिकटवतो, अंगठ्याने कडा दाबतो. काम स्वच्छ आहे त्याचे.

निळे आले तर फोन त्याला कर, मला नको. नाही आले तरी त्यालाच कर. आता पिशवीचे तोंड मिटून घे, त्याच्या समोरून जावे लागेल. खिडकी मोकळी दिसेल त्याला, ते मी बघेन. विचारणार नाही तो.

झाली बघ लावून. नीघ. उजेड आहे तोवर नीघ.