चौथी लवकर संपली तर

माझं माहेर सफाळ्याच्या आत, डोंगराकडं. आमी भात पिकवनारी मानसं, मी काय शाळेची पायरी चढली नाय, तवा शाळेतलं बरंवाईट मी काय सांगू तुमाला ताई. लगीन होऊन इकडं बोईसरच्या बाजूला आली, नवरा कंपनीत हेल्पर, नि मला एकच पोरगी, सुमन. तिच्यापायी मला शाळा कळायला लागली.

आमच्या गावात शाळा म्हंजे एक खोली, चौथीपर्यंत, नि गुरुजी पन एकच. चार वर्गांच्या चार रांगा. एका रांगेला गनित घातलं का दुसरीला वाचायला सांगायचं, दिवसभर तेच. सुमन बसायची दुसरीच्या रांगेत नि उत्तर द्यायची चौथीचं. गुरुजी पयले हसायचे, मंग गप बस म्हनायचे. तिचं काम झटक्यात व्हायचं, मंग त्यांनी तिला पयलीच्या पोरांकडनं बाराखडी गिरवून घ्यायला बसवलं. मला बरं वाटलं, माझी पोर मास्तरीन झाली म्हनून सांगत सुटली मी. पन ती घरी येऊन मुकाट बसायची. विचारलं तर म्हनली, आये, मला नवीन काय शिकवतच नाय कोन.

मंग एक दिवस गुरुजी घरी आले. चहा घेतला नि म्हनले, हिला एकदम चौथीत बसवतो, दुसरीत बसून वाया चाललीय. नवरा तर तयारच. मला मात्र ते नको होतं. कारन चौथीच्या पुढं गावात शाळाच नाय. पाचवीला बोईसरला चालत जायचं, कंपन्यांच्या रस्त्यानं, ट्रकमागं ट्रक, पावसात ओढा भरला का तिकडची मानसं तिकडंच. गावातली एक पन पोरगी तवर पाचवीला गेली नव्हती. आठ वर्षाची पोर एकटी कशी धाडू? नि नाय धाडली तर शाळा सुटलीच का तिची. हुशार म्हनून हिचीच शाळा आधी संपनार, हा कुठला न्याय, तुमीच सांगा. जेवन जाईना मला.

शेवटी मी शाळेत गेली, दारातनंच बोलली. गुरुजी, तिला शिकवा, पन तिची चौथी लवकर संपवू नका.

वाटलं रागावतील. ते म्हनले, बघू. नि केलं त्यांनी. नाव दुसरीतच ठेवलं, गनिताला चौथीच्या रांगेत बसवायचे, बाकीच्याला आपल्या मैत्रिनींत. पुढं बोईसरहून पाचवीची पुस्तकं आनून दिली, अडलं का स्वतः बसायचे तिच्याजवळ. तरी मला घोर होताच, मोठ्या पोरांत ही बुजेल का, मैत्रिनी तुटतील का. तसं काय झालं नाय. कमल नि यशोदा, तिच्या बरोबरीच्या, त्या पन तिच्याकडनं शिकल्या, नि तिघी मिळून पाचवीला बोईसरला जायला लागल्या. तवा कुठं मला घास गोड लागला.

दहावी झाली नि कमलचं लगीन झालं, यशोदाचं पन. सुमन आता पालघरला कॉलेजात हाय, एकटीच जाते. ज्याला भीत होती तेच झालं, फक्त उशिरा झालं. संध्याकाळी तिची यायची वेळ झाली का जीव थाऱ्यावर नसतो माझा. पन आता कुनाला जाऊन सांगू, लवकर संपवू नका म्हनून? ती म्हनते, आये, याच्या पुढं अजून लय वर्ग हायेत. असू देत. तिनं जावं नि सुखरूप घरी यावं, देवाजवळ माझं तेवढंच मागनं.