पडीक माळ कुणाचं पोट भरतो

मंडळी, श्रीपतरावांना काय मिळणार होतं, ते आधी सांगून टाकतो. म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको, की बुवांनी माणसाची बाजूच मांडली नाही!

मिळणार होता एक फेटा. मोठ्या साहेबांच्या शेजारी उभं राहून काढलेला एक फोटो. आणि घरात शांतता! — हसू नका, शेवटची गोष्ट सगळ्यांत मोठी होती. श्रीपतराव खडकमाळ गावचे सरपंच. त्यांच्या पत्नी भामाबाई. आणि भामाबाईंचा सख्खा भाऊ वामनराव, हा शेजारच्या निंबगावचा सरपंच. आलं का ध्यानात? त्या वामनरावानं आदल्या साली ‘हिरवं गाव’ स्पर्धेचं बक्षीस मारलं, आणि फोटो बहिणीला पाठवला — चौकट करून! बाईंनी तो टांगला कुठं? नवरा जेवायला बसला की बरोबर समोर! श्रीपतरावांनी भाकरी मोडली, वर बघितलं, की मेहुणा हसतोय!

“माझ्या भावानं गावाचं नाव काढलं,” बाई वाढता वाढता म्हणायच्या. “तुम्ही काय काढलं? ढेकर!”

आता सांगा, माणूस काय करील? फेटा मिळवीलच की नाही?

पण माझा प्रश्न वेगळा आहे, ऐका. ज्या जमिनीत कुणी पेरत नाही, जिला सगळं गाव पडीक म्हणतं, ती जमीन खरंच काही देत नाही का? आणि झाडं लावण्यासारखं पुण्याचं काम करतानासुद्धा माणूस दुसऱ्याच्या तोंडचा घास काढू शकतो का? — माना डोलवू नका! अजून तुम्हाला काही कळलेलं नाही. कळलं की डोलवा.

खडकमाळच्या उगवतीला एक माळ होता. झाड म्हणाल तर कुठं एखादी बाभळ. बाकी नुसतं गवत! पावसाळ्यात गुडघाभर हिरवं, दिवाळीनंतर पिवळंधमक. बाहेरचा पाहुणा म्हणायचा, ‘काय उजाड रान हो!’ आणि गाववालेही मान हलवायचे — ‘पडीक आहे.’

पडीक! अरे, दिवाळी झाली की धुळाआबा धनगर मेंढरं घेऊन तिथंच उतरायचा. मेंढरं दिवसभर माळावर चरायची आणि रात्री कुणाच्या तरी रानात बसायची. आज ह्याच्या, उद्या त्याच्या — पाळीनं! सकाळी मेंढरं उठली, की रान लेंड्यांनी काळंभोर. त्याच्या बदल्यात शेतकरी धुळाआबाला जोंधळा द्यायचे. म्हणजे माळाचं गवत मेंढराच्या पोटातून शेतात, आणि शेतातून तुमच्या ताटात! भाकरी खाताना कुणाला माळ आठवत होता का? मृदंगबुवा, तुम्हाला? — नाही! ह्यांना भाकरी आठवते.

आणि येसाबाई होती. श्रीपतरावांची चुलत भावजय, नवरा गेलेला, शेत नाही, एक गाय. सकाळी विळा घेऊन माळावर जायची, भारा आणायची. शेत नसलेल्या बाईची गाय उभी होती ती ह्या पडीक माळावर!

तर स्पर्धा आली. देवळात सभा भरली. श्रीपतराव उठले, “गावात पडीक म्हणून माळ पडलाय. तिथं झाडं लावू. फुकट रोपं मिळतात — निलगिरीची!”

कुणीतरी विचारलं, “राखण कोण करणार? शेळ्या खातील.”

“अरे, तीच तर गंमत! निलगिरीला शेळी तोंड लावत नाही. राखणच नको!”

काय अक्कल! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जे झाड एकही जनावर खात नाही, ते झाड ह्यांनी जनावरांच्या ताटात लावायचं ठरवलं — आणि कारण काय, तर जनावर खात नाही म्हणून! असा हिशेब फार हुशार माणसांनाच सुचतो.

खांबाआडून येसाबाई बोलली, “भावजी, मग मी गवत कुठून आणू?”

“वहिनी, झाडं वाढली की सावली किती पडेल बघ!”

“गाईनं सावली खायची का?”

लोक हसले. श्रीपतरावही हसले. हसण्यावारी गेलं, मंडळी. अशा गोष्टी हसण्यावारीच जातात!

जेसीबी आला. माळ उलथापालथा झाला. गवत गड्ड्यांसकट मातीखाली. वर ओळीत निलगिरी, भोवती तारेचं कुंपण. स्पर्धेची समिती आली, जेवली, खूश झाली. फेटा मिळाला! फोटो मिळाला! भामाबाईंनी भावाच्या शेजारी नवऱ्याला टांगलं. — फोटो, हो, फोटो!

दिवाळी झाली. धुळाआबा आला आणि तारेपाशी थबकला. मागं मेंढरांचा लोंढा.

“सरपंच, वाट कुठाय?”

“आबा, आत झाडं लावलीत.”

“झाडं दिसली. म्या वाट इचारतोय.”

श्रीपतरावांनी समजूत घातली, “असं करा, दिवसा बांधाबांधानं चारा कुठंतरी. रात्री मात्र आमच्याच रानात बसवा. जोंधळा वाढवून देतो.”

धुळाआबानं काठीवर हनुवटी टेकली. “रातीचं खत पायजे, अन् दिवसाचा चारा न्हाई? मेंढरू म्हंजे काय तुमची गिरण हाय व्हय? अन् गिरणीत तरी वरनं दाणं टाकावं लागत्यात, सरपंच!”

आणि मेंढरं वळली. कुठं गेली? निंबगावला! वामनरावानंही झाडं लावली होती, पण ओढ्याकाठी, शाळेपाशी, रस्त्याच्या कडेनं. माळ त्यानं तसाच ठेवला होता. शहाणा होता म्हणून? छे हो! माळावर खड्डे घ्यायचा त्याला कंटाळा आला! कंटाळ्यानंसुद्धा कधी कधी गावाचं भलं होतं.

पुढं काय झालं, ते सरळ सांगतो. पहिल्या मोठ्या पावसात माळाची उकरलेली माती ओढ्यात गेली, कारण तिला धरून ठेवणारं गवत नव्हतं. जोंधळा पहिल्या साली जरा खुजा आला, दुसऱ्या साली नजरेत भरण्याइतका. लोक दुकानातून खताची पोती आणायला लागले. श्रीपतरावांनीही आणली. धुळाआबाच्या मेंढरांनी कधी पोत्याचं बिल दिलं नव्हतं!

आणि एका दुपारी येसाबाई श्रीपतरावांच्या दारात आली. हातात नुसतं दावं.

“भावजी, गाय विकली. विकतचा कडबा परवडंना. दावं तेवढं उरलंय. तुमच्या झाडाला बांधू का?”

श्रीपतराव जेवत होते. वर दोन फोटो. हातातला घास हातातच राहिला. भामाबाईंनी चुलीवरचा तवा खाली उतरवला.

माणूस वाईट नव्हता, मंडळी. त्यानं सभा बोलावली. “माळ मोकळा करू. बक्षीस परत देऊ.”

झालं! जे जोंधळ्यासाठी रडत होते, तेच उठले. “वेशीवरची बक्षिसाची पाटी काढायची?” “आमच्या पोराच्या लग्नपत्रिकेत गावाच्या नावापुढं ‘पुरस्कारप्राप्त’ छापलंय!” “तुम्ही फेटा घातलाय, आता निस्तरा!” एकानंही कुदळ उचलली नाही.

श्रीपतरावांनी फेटा आणि बक्षिसाचा कागद परत पाठवले, आणि एकटेच माळावर गेले. तारा सोडवून एक झाड मुळासकट खणून काढलं, दुसरं काढलं. मागं बघतात, तर भामाबाई पदर खोचून उभ्या.

“अहो, सरका तिकडं. एकट्यानं खणत बसाल तर म्हातारे व्हाल.”

दोघांनी माळाची एक बाजू मोकळी केली. पाऊस पडला. उगवलं काय? गाजरगवत! आणि तरोटा! दोन्हीलाही जनावर तोंड लावत नाही. चांगलं गवत कुंपणाच्या कडेला चिमूट चिमूट. धुळाआबा जाता जाता बघून गेला. म्हणाला, “दाट झालं की सांगावा धाडा. पर निंबगावला जबान दिलीया.” माळ उलथायला जेसीबीला आठवडा पुरला होता. पण परत यायचा तर माळ श्रीपतरावांना विचारून येणार नव्हता!

शेवटी त्यांनी काय करावं? आपल्या गोठ्यातली एक कालवड सोडली, आणि येसाबाईच्या दारात नेऊन उभी केली.

“वहिनी, ही तुझी.”

येसाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. गळ्याखाली खाजवलं. कालवडीनं तिचा हात चाटला. मग बाई म्हणाली, “गुणाची आहे, भावजी. पण हिला चारू काय?”

श्रीपतरावांनी कालवडीचं दावं पुन्हा हातात घेतलं. कालवड घेऊन ते परत आले.

बघा, कालवड देता येते. फेटा परत करता येतो. चूक कबूल करता येते. पण रोज सकाळी कुणीही विळा घेऊन जावं आणि कुणाला न विचारता भारा आणावा — ते देणारा हात एकदा तोडला, की कुठल्या सरपंचाला, कुठल्या साहेबाला तो भारा रोजच्या रोज पुरवता येतो? येतो का? आता बोला!

तुमच्याही गावाला असा माळ असेल. दलदल असेल, ओढ्याकाठचं झुडूप असेल, खाजण असेल. ‘काही कामाचं नाही’ असं तुम्ही म्हणत असाल. उद्या सकाळी चहा घेऊन झाला की तिथं जा. तिथं कोण वाकलंय, काय खुडतंय, कुणाचं जनावर चरतंय, ते बघा. त्या माणसाला विचारा, आणि मग ठरवा ते पडीक आहे की नाही. विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवण्याआधी एवढं करा, त्याची काही हरकत नसेल.

बाकी हिशेब सोपा आहे. रोपवाटिकेची रोपं खपली. जेसीबीवाल्याला काम मिळालं. समितीला जेवण मिळालं. गावाला पाटी मिळाली, ती अजून वेशीवर आहे. श्रीपतरावांना फोटो मिळाला, आणि तो काढून टाकायची अक्कलही मिळाली. शेतकऱ्यांनी खत गमावलं, पण पोती विकत आणून निभावलं.

आणि येसाबाई, जिनं फेटा मागितला नव्हता, सभेत टाळी वाजवली नव्हती, जी फोटोत कुठंही नव्हती — तिनं गाय दिली.