बँकेवर ठेवला नारळ

…आणि वर बँकवाले म्हणतात, सही तुमचीच आहे ना काका! अहो, सही त्याचीच हाय, नाय कोण म्हणतंय, पण कार्ड मागितलं कोणी होतं? तुम्हाला सांगतो, आमचा मुरारी, कापडे गावचा, एसटीत ड्रायव्हर होता, आंबेनळी घाटात गाडी हाकण्यात उभा जन्म गेला, कधी कठड्याला घासली नाय, तो माणूस पासबुक भरून घ्यायला महाडला बँकेत गेला आणि क्रेडिट कार्ड घेऊन घरी आला! काउंटरवरची पोरगी मधाळ आवाजात म्हणाली, काका, तुमच्यासाठी खास आहे, फ्री आहे, फक्त इथे एक सही. लेकीच्या वयाची पोर, तिचा शब्द कसा मोडायचा? केली सही.

पेन्शन केवढी? किराणा आणला की औषधं राहतात, औषधं आणली की किराणा. आणि कार्डावर किती, तर दोन लाख! पुढल्या वर्षी न विचारता तीन केले, वर मेसेज, अभिनंदन! कसलं अभिनंदन, कोणाचं लग्न ठरलं? चंद्राबाईच्या, म्हणजे मुरारीच्या बायकोच्या बचत गटात पाच हजार हवे असले ना, तर चार बायका घरी येऊन बसतात, कशाला हवेत, फेडशील कशातून, नवऱ्याला ठाऊक हाय का, सगळं विचारून मग पैसे सोडतात. आणि एवढी काचेची, एसीवाली बँक, तिनं एका शब्दानं विचारू नये?

बरं, धाकट्या लेकीची, सेजलची नर्सिंगची फी आली. कार्ड होतंच घरात, घासलं. महिन्याचं बिल आलं, त्यात दोन आकडे, वरचा मोठा, खालचा लहान, आणि लहानाखाली लिहिलेलं, किमान एवढे भरा. मुरारीला वाटलं, हाच आपला हप्ता, भली माणसं हायत, झेपेल तेवढंच मागतात. दोन वर्षं भरत राहिला हो, तारखेच्या आधी, एकदा चुकला नाय. मग सेजलनं एक दिवस मोबाइलवर बघितलं तर बाकी जवळपास जिथल्या तिथं! शेकडा साडेतीन व्याज, ते पण महिन्याला… भरलेलं सगळं व्याजातच गेलं.

मुरारीचं डोकं फिरलं. भरणंच बंद केलं. मग काय, दंड, दंडावर व्याज, व्याजावर कर! तक्रार करायला फोन लावला, तर यंत्रातली बाई म्हणते, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि अर्धा तास पेटी वाजवते. लेखी तक्रार दिली. उत्तर आलं, तुमची तक्रार बंद करण्यात आली आहे. अरे, बंद करायला तरी तुम्हाला सांगितलं कोणी होतं?

तिथवर पण ठीक. पण वसुलीवाल्यांनी गावात फोन सुरू केले. सरपंचाला, पोलादपूरच्या व्याह्याला, गावाच्या मुंबईकर मंडळाला, तुमचा मुरारी बुडवा आहे म्हणून. आणि शिमगा तोंडावर! पालखीला पुढला खांदा मुरारीच्या घराण्याचा, आणि गावकीचा नियम, बुडव्याचा खांदा पालखीला चालत नाय. मुरारीला तीन दिवस अन्न गोड लागलं नाय. चंद्राबाईला म्हणाला, "पैसं जाऊ दे गो, पण खांदा गेला तर मी गावात तोंड कसं दाखवू?"

आमच्यात रीत हाय, कोणाशी भांडण असेल तर देवळात त्याच्या नावानं नारळ ठेवायचा, मग त्या माणसाला गावकीत येऊन उत्तर द्यावंच लागतं. मुरारीनं ठेवला नारळ. कोणाच्या नावानं? बँकेच्या! लोक हसले. मुरारी हसला नाय.

वसुलीच्या पोराचा, अश्विनचा, फोन आला तसा मुरारीनं सांगितलं, रविवारी देवळात ये, गावासमोर काय ते मिटवू. पोराला वाटलं पैसे मिळतायत, आला की मोटरसायकल उडवत दासगाववरनं! बघतो तर अख्खी गावकी मांडी घालून बसलेली, मधे नारळ, आणि गावकीचा म्होरक्या काशीराम गावकार म्हणतो, "बस रे बाळा, बँक म्हणून बस."

काशीरामनं एकेक विचारलं. जामीन कोण? जामीन लागत नाय, पोर म्हणालं. ह्याच्या घरी येऊन बघितलंत, फेडील कशातून? तसं नसतं काका, सगळं सिस्टीम करते. मग काशीराम जरा पुढं सरकला, "आणि मागितलं कोणी होतं?"

पोरानं हेल्मेट मांडीवरनं खाली ठेवलं.

निवाडा झाला. मुद्दल तेवढं द्यायचं, भरलेलं त्यातून वजा, मुरारी बुडवा नाय, आणि न मागता कर्ज दिल्याबद्दल बँकेला दंड, एक नारळ. पोरानं खरंच कोपऱ्यावरच्या दुकानातनं स्वतःच्या पैशानं नारळ आणला हो! आणला, पण देईना. दोन्ही हातांत धरून उभा. मग हळूच म्हणाला, "मला पण बँकेनं असंच कार्ड दिलंय. पगारातनं कापतात. हाच नारळ माझ्या वतीनं बँकेच्या नावानं ठेवला तर चालेल का?"

शिमग्याला मुरारीचा खांदा पालखीखाली होता, रडत होता गडी, सगळ्यांनी बघितलं. बँकेनं निवाडा मानला का? छे! व्याज चालूच हाय. सेजलनं वर बँकांच्या लोकपालाकडं तक्रार धाडलीय, तिचं उत्तर यायचंय. पण अश्विननं हापिसात सांगितलं असणार, आता दर रविवारी वसुलीची दोन-तीन पोरं नारळ घेऊन येतात, देवळाला कुलूप असलं की मुरारीच्या ओट्यावर बसतात, आणि चहाला साखर पुरत नाय. काल चंद्राबाईनं आधण ठेवता ठेवता मुरारीला विचारलंच, "का हो, ह्यांना बोलावलं कोणी होतं?"

मुरारीनं कपबश्या विसळायला घेतल्या.