हात करण्याबाबत

विषय — जागा क्रमांक नऊवर बसलेल्या माझ्या बायकोने आमच्या जागा क्रमांक चौदावर परत येण्याबाबत. संदर्भ — आज सकाळी साडेदहा, द्राग्सविकचा फेरीबोटीचा धक्का. हसू नका हो बाई, मी असाच बोलतो. हामारच्या नगरपालिकेत छत्तीस वर्षं लोकांच्या गॅरेजांचे अर्ज निकालात काढले. आधी विषय, मग बाकीचं, नाहीतर माणूस भरकटतो. तुम्ही या कॅम्पच्या मालकीण, तुम्ही विचारलंत 'आता काय झालं', म्हणून सांगतो — संध्याकाळपासून तिसऱ्यांदा तुमच्या खिडकीशी आलोय, मान्य आहे. ती बघा, तळ्याकाठी, त्या डच जोडप्याच्या टेबलाशी, नारिंगी जाकीट घालून खदाखदा हसतेय ना — ती राग्नहिल्ड. माझी बायको. जाकीट तिचं नाही. परक्या बाईचं घामट जाकीट, आणि ताटात डब्यातले मांसाचे गोळे — शी! घरी मी डबा उघडला तर नाक मुरडते.

नाही, भांडण नाही झालं. म्हणजे झालं, पण ते बोटीवर, आणि किरकोळ. म्हणाली, मी आपल्या मोटारहोमच्या मागच्या बाकावर बसते, तुझं ऐकून माझी मान आखडते. बस म्हटलं. मागेही पट्टा आहे, खिडकी आहे. मग धक्क्यावर उतरलो आणि मी संडासाची टाकी रिकामी करायला गेलो. तिथली अवस्था काय सांगू तुम्हाला! आधीच्याने अर्धं बाहेर सांडून ठेवलेलं, नळाची नळी त्यातच लोळतेय — लाखो क्रोनरची गाडी घेतात आणि पाणी मारायची अक्कल नाही. मी सगळं धुतलं. दुसऱ्याचं! हात तीनदा धुतले, गाडीत बसलो, विचारलं, "निघायचं?" उत्तर नाही. निघालो.

असं काय बघता? आपल्याकडे शेजाऱ्याला गॅरेज बांधायचं असलं की तुम्हाला नोटीस येते की नाही? दोन आठवड्यांत हरकत घेतली नाहीत तर संमती धरली जाते. छत्तीस वर्षं मी तशीच धरली. दोन आठवडे नसतील दिले, पण चार-पाच सेकंद दिले. ती दुकानात गरम पोळ्या घ्यायला गेली होती. दोघांसाठी, असं आता कळतंय.

मग गाउलारचा घाट. वळणावळणावर मेंढ्या रस्त्यात बसलेल्या, पुढे एक जर्मन गोगलगायीसारखा, मागे दुसरा हॉर्न वाजवणारा — आणि समोरून आपल्यासारख्याच गाड्या, सतरा मोजल्या मी, सतरा! एकानेही हात केला नाही. आपली रीत आहे ना, मोटारहोमवाल्याने मोटारहोमवाल्याला हात करायचा? संपली. देश सुधारला, माणसं नासली. हे सगळं मी मागे वळून तिला सांगत होतो — म्हणजे वळून नाही, आरशात बघून, आणि आरशात पडदाच दिसतो. नव्वद किलोमीटर सांगत होतो. ती काही बोलली नाही. मला वाटलं, पटतंय.

काय? मी केला होता का हात? मी कसा करणार? माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर! हात करायचं काम राग्नहिल्डचं. अडतीस वर्षं ती पुढे बसून करते, लोक तिला करतात. हो... म्हणजे तिलाच करत असणार.

कळलं कधी? कॉफीला. मी हात मागे केला. थर्मासमधली कॉफी, कप भरून हातात येतो, सांगावं लागत नाही. आला नाही. पुन्हा केला. मग थांबलो, पडदा सारला, तर बाकावर तिचं विणकाम आणि चार्जिंगला लावलेला फोन. या तुमच्या तळ्याच्या अगदी तोंडाशी होतो हो, दहा मिनिटांत पोचलो असतो. फिरवली गाडी. परत तोच घाट, त्याच मेंढ्या.

आणि आता जे सांगतो ते कुठे बोलू नका. घाटाच्या शेवटच्या वळणावर समोरून एक डच गाडी आली. इतकी जवळ की आरसे घासले असते. आणि तिच्यातून कोणीतरी हात केला. जोरजोरात, दोन्ही हातांनी. दिवसभरात पहिला हात! आणि मी — मी म्हटलं, सतरा नोर्वेजियनांना जमलं नाही ते आता हे चीजवाले शिकवणार? मुद्दाम नाक वर करून सरळ पुढे बघत गेलो. चेहरा बघितलाच नाही. बघितला असता तर... खाली धक्क्यावर दुकानवाली म्हणाली, "तुमची बायको दोन तास पायरीवर बसली होती, पोळ्या गार झाल्या, मग तिने एका गाडीला हात केला, गाडी थांबली." बघा. हात केला, गाडी थांबली. इतकं साधं.

मग तिसऱ्यांदा घाट. इथलं बुकिंग तिनेच केलेलं, म्हणजे इथेच येणार हे ठाऊक होतं. आलो तर ही अशी. जवळ गेलो तर सगळ्यांसमोर म्हणते, "तोरगेर, विसरलास ते मी विसरेन. पण तू माझ्याकडे बघून गेलास." बघून नाही गेलो, न बघता गेलो, हेच तर सांगायचंय! पण ऐकते कुठे. म्हणाली, उद्या मी यांच्याबरोबर बेर्गनला जाऊ शकते, त्यांच्याकडे जागा आहे, आणि ते गाडी चालवताना गप्प असतात.

म्हणून म्हणतो, तुम्ही जाऊन सांगाल का तिला? नाही? बरोबर आहे, तुम्ही काही शिपाई नाही. मग लिहून देऊ? विषय येतो मला लिहिता. कारण काय लिहू? 'अर्जदार छत्तीस वर्षं हरकतींची वाट बघत बसला' — हे काय कारण झालं? किळस येते हो स्वतःची. त्या टाकीचीही इतकी आली नव्हती.

काय म्हणता? इथून? सगळे बघतायत, बाई. तो डचही बघतोय... बरं. करतो. असा? उंच? केला.

बघितलं तिने. हो, बघतेय. काटा खाली ठेवला. नाही, हात नाही केला अजून. आठ वाजून दहा मिनिटं झाली. तुम्ही जा, तुमची खिडकी बंद करा, माझ्यासाठी थांबू नका. हात वर आहे. उत्तर आलेलं नाही.