मिस आर्डेलांनी परत न घेतलेली पुस्तकं

समारंभाचे अध्यक्ष रेव्हरंड विल्कर्सन, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, पहिल्या बाकावर शुभ्र टोप्या घालून बसलेल्या आपल्या चर्चच्या मातोश्री, स्वीटगम शाळेचे आजी-माजी विद्यार्थी (आजी कुठले म्हणा, आता सगळे माजीच) आणि तळलेल्या कोंबडीच्या वासाने आधीच स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिलेले माझे मित्रहो!

मी रॉस्को बीम. स्वीटगम शाळेत गणित शिकवायचो. मिस आर्डेला टेटम यांच्याविषयी चार शब्द बोलावेत अशी मला आज्ञा झाली आहे. चारच, असं त्यांनी स्वतः बजावलंय. पण बाई, आज माईक माझ्या हातात आहे आणि तुम्ही खुर्चीत. असा योग पुन्हा येणे नाही.

या बाईंना घाबरत नाही असा कुणी इथे आहे का? असेल तर हात वर करा. पाहा, रेव्हरंडसुद्धा छताकडे बघायला लागले.

सकाळी बाई वाचन शिकवायच्या आणि दुपारी, मुलांचे कोट टांगायच्या खोलीत, ग्रंथालय चालवायच्या. गावातल्या मोठ्या ग्रंथालयात आपल्या काळ्या माणसांना पायऱ्या झाडायला जाता यायचं, पुस्तक मागायला नाही. आपल्याकडे यायची ती गोऱ्यांच्या शाळेनं टाकून दिलेली पुस्तकं. आत त्यांच्या मुलांची नावं आणि कधीकधी आपल्यासाठी मुद्दाम लिहून ठेवलेली घाण. बाई पिठाची खळ करून त्यावर कोरा कागद डकवायच्या आणि म्हणायच्या, "आता इथे तुझं नाव घाल. नीट, सुवाच्य." बाकीची पुस्तकं आपण तळलेले मासे विकून घेतली. इतक्या कष्टाचं पुस्तक! ते शुक्रवारी परत म्हणजे शुक्रवारीच परत. नाहीतर रविवारी चर्चच्या दारात, अख्ख्या गावासमोर, "काय डीकन, पुस्तक तोंडपाठ करताय वाटतं?" डीकन हॉलिन्स चर्चचे पंच, पण तेव्हापासून मागच्या दारानं येतात.

मग गेल्या वर्षी कायद्यानं दोन्ही शाळा एक झाल्या. एक झाल्या म्हणजे काय, तर त्यांची राहिली आणि आपली बंद झाली. मुलं तिकडे गेली. बाईंना मात्र तिकडे जागा नव्हती. शाळा मंडळ म्हणालं, निवृत्त व्हा. आणि ग्रंथालय? शुक्रवारी ट्रक येईल, पुस्तकं कचऱ्याच्या खड्ड्यात जातील.

त्या आठवड्यात बाईंनी गावभर पुस्तकं वाटली. एक मागताना ज्याची जीभ अडखळायची, त्याच्या हातात टोपलीभर! आमच्या लुवेनिया मावशी म्हणाल्या, "अगं, मला चष्मा नाही." बाई म्हणाल्या, "चष्मा नसू दे, पलंग आहे ना? त्याच्याखाली ठेवा."

पण एवढ्या हुशार बाई, एक गोष्ट सांगायला विसरल्या. पुस्तकं परत आणू नका, हे! आणि आपण कसली माणसं? बाईंच्या धाकात वाढलेली. शुक्रवार उजाडला. ट्रक शाळेपुढे उभा. मंडळाचे साहेब घाम पुसत रिकाम्या फळ्यांकडे बघतायत. "पुस्तकं कुठायत?" "लोकांनी वाचायला नेलीत, साहेब." तेवढ्यात ढकलगाडी घेऊन कोण हजर? डीकन हॉलिन्स! जन्मात पहिल्यांदा वेळेवर! आणि त्यांच्यामागे अर्धं गाव. मीसुद्धा होतो, दोन्ही काखांत पुस्तकं घेऊन.

वाटलं, संपलं. आपल्याच हातांनी आपण ती खड्ड्यात घालणार. पण बाईंनी ढकलगाडीतलं वरचं पुस्तक उचललं, उघडलं आणि कडाडल्या.

"डीकन! हा काकवीचा डाग कुणाचा?"

"बाई, तो आधीपासूनच..."

"उलट बोलू नका! सगळी घरी न्या आणि पुसा. आणि मिस्टर बीम, हा कोपरा कुणी दुमडला? मास्तरांना शोभतं का? चला, निघा!"

साहेब म्हणाले, "अहो, इथेच टाकू द्या की."

"खराब झालेलं पुस्तक मी परत घेत नाही, साहेब. तुमच्या शाळेकडून आली, तेव्हाही मी ती साफ करूनच फळीवर ठेवली."

ट्रक रिकामा गेला. मी मान खाली घालून निम्म्या रस्त्यात पोचलो, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गणिताच्या मास्तरांचं हे असं असतं.

पुढे मी त्यांना विचारलं, "बाई, पुस्तकं परत कधी आणू?" त्या म्हणाल्या, "आणणार कुणाकडे, मिस्टर बीम? मी आता कुणाचीच ग्रंथपाल नाही." मला फार लागलं ते. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

म्हणून रेव्हरंडकडे गेलो. बाई, गेला महिनाभर चर्चच्या तळघरात ठोकाठोक चालली होती. तुम्ही विचारलंत, तेव्हा रेव्हरंड म्हणाले, उंदीर झालेत. देव त्यांना क्षमा करो. खाली भिंतभर फळ्या उभ्या आहेत. रिकाम्या.

स्वयंपाकघरातल्या भगिनींचे, सुतारांचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर क्षमा करा, असं वक्त्यानं म्हणायचं असतं. पण बाई, आज क्षमा नको. आमच्या प्रत्येकाकडे तुमचं पुस्तक आहे आणि प्रत्येकाला वर्षभर उशीर झालाय. सोमवारी खाली या आणि एकेकाला चांगलं रागवा.