गणितावरची चांदणी

बसा मंडळी, बसा. जरा पुढं सरका की. पुढच्या सतरंजीवर बसलं की देव प्रश्न विचारतो, असं कुणी सांगितलंय का तुम्हाला? सगळे भिंतीला टेकून! पेटीवाले भाऊ, तुम्ही तरी जागे राहा, तुमची मंडळींना गरज आहे.

आज एकच प्रश्न विचारतो. उत्तर मनात द्या. माणूस देवाच्या घरात शिरतो, तो स्वतः पास होऊन शिरतो, का त्याला कुणीतरी पास करतं म्हणून शिरतो? "कृपेनं, कृपेनं" — हो हो, माना हलल्या. तोंडपाठ आहे तुम्हाला. बघू या किती खोल गेलंय ते. धरा सूर —

*पदरी माझ्या नाही काही, तरी दार उघडे पाही;*
*हाक देशी नाव घेउनी, लायकी तू पुसत नाही.*

तर ऐका. आमच्या बोरखेडला शमुवेल मास्तर वाघचौरे म्हणून होते. मिशनच्या शाळेचे हेडमास्तर, शिवाय आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पंच. म्हणजे सोमवार ते शनिवार पोरांना नापास करायचं आणि रविवारी मोठ्यांना. बिचाऱ्यांना सुट्टी म्हणून नाहीच! "माझ्याकडे ग्रेस नाही" हे त्यांचं आवडतं वाक्य. ग्रेस म्हणजे कळलं ना? पोरगं काठावर अडकलं की वरून चार मार्क टाकून ढकलतात, ते. मास्तरांनी कधी अर्धा मार्क टाकला नाही. गणितात चौतीस म्हणजे चौतीस. पस्तिसाला पास होतो, तुझे चौतीस आहेत, बस खाली. तुम्ही म्हणाल, बुवा, एवढं नेमकं तुम्हाला कसं ठाऊक? ते चौतीस माझे होते.

हसा, हसा. वर्ष माझं गेलं, तुमचं काय जातंय?

मास्तरांच्या बैठकीच्या खोलीत एक फ्रेम होती. त्यांची जुन्या अकरावीची गुणपत्रिका, काच लावून भिंतीवर टांगलेली. गावातला पहिला अकरावी पास माणूस, टांगणारच! आणि काचेवर, बरोबर मधोमध, नाताळच्या कार्डातून कापलेला एक सोनेरी शब्द चिकटवलेला — 'कृपा'. लोक बघायचे आणि म्हणायचे, काय भाविक माणूस आहे, एवढा हुशार असून देवाचं नाव पुढं ठेवलंय. मीही म्हणायचो. नापास पोराचं कोण ऐकतो, पण म्हणायचो.

आता कोंडाबाई. शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधायच्या. आमचं देऊळ त्यांच्याच केरसुणीनं झाडलं जायचं. म्हातारपणी बाप्तिस्मा घेतलेला, पण प्रभुभोजनाच्या मेजाशी अजून बसता येत नव्हतं. का? तर आमच्या पंचांचा नियम. बायबलातल्या दहा आज्ञा ओळीनं पाठ म्हणून दाखवायच्या, मगच भाकर आणि प्याला. ज्यांना येत नाहीत त्यांनी भोजन सुरू झालं की उठून ओसरीवर जायचं. कोंडाबाई नऊ वर्षं ओसरीवर बसल्या. तिथं आमच्या चपला असायच्या, त्यांची राखण करायच्या. आम्ही आत पावन होत होतो ना, बाहेर चपला सांभाळायला कुणीतरी हवंच.

त्या वर्षी त्यांचा दमा वाढला. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. प्रभुभोजन देणाऱ्या पाळकसाहेबांकडे सात गावं, आमच्याकडे तीन महिन्यांतून एकदा यायचे. ते यायचे होते पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला. कोंडाबाईंनी ओळखलं, उद्या बसलो तर बसलो, पुढच्या खेपेला आपण असू नसू. म्हणून शनिवारी दुपारी मास्तरांच्या दारात आल्या. मास्तरांच्या पत्नी दीनाबाई शेवया वळत बसल्या होत्या. मी तिथं वह्या पोचवायला गेलो होतो, म्हणून सगळं माझ्या कानांनी ऐकलं.

"म्हणा," मास्तर म्हणाले.

कोंडाबाईंनी पहिल्या पाच आज्ञा म्हटल्या. दोन मागंपुढं झाल्या, पण म्हटल्या. मग खोकला आला. मग बराच वेळ विचार करून म्हणाल्या, "आन् दुसऱ्याची केरसुणी मागून आणली तर ती परत द्यावी."

मंडळी, ही आज्ञा मोशेला मिळालेली नाही. मिळायला हवी होती, आपल्यातल्या चारदोन घरांना लागू पडली असती. पण नाही मिळाली.

"कोंडाबाई, पुढच्या खेपेला या."

"पुढच्या खेपेला मी न्हाई मास्तर. एकदाच बसू द्या मेजाशी. लई मनात आहे."

"नियम सगळ्यांना सारखा. माझ्याकडे ग्रेस नाही."

"ते काय असतं वो?"

आता मास्तरांना शिकवायला सांगितलं की ते थांबत नसत. ताठ बसले आणि समजावू लागले. म्हणाले, "एखाद्याचे मार्क कमी पडतात. ते त्यानं मिळवलेले नसतात, तरी वरून देतात, म्हणजे तो पास होतो."

"त्यानं मागावं लागतं?"

"नाही."

"पुन्हा परत करावं लागतं?"

"नाही. फुकटच असतं ते. म्हणून तर मला पटत नाही."

कोंडाबाई म्हणाल्या, "मास्तर, मग पाळकसाहेब ख्रिस्ताचं सांगतात, ते हेच की."

मंडळी, दीनाबाईंचे हात थांबले. त्या उठल्या, पदराला हात पुसले, फ्रेमपाशी गेल्या आणि तो सोनेरी शब्द नखानं उचकटून काढला. तीस वर्षं त्याच ती काच पुसत होत्या हो! त्यांना माहीत नसेल तर कुणाला?

खाली काय होतं? गणित. पस्तीस. आणि पस्तिसापुढं एक छोटी चांदणी.

कोंडाबाईंना वाचता येत नव्हतं, पण चांदणी दिसली. त्यांचा चेहरा उजळला. "अगं बया, मास्तरांना चांदणी दिली होती? एवढं चांगलं केलं होतं गणित?"

बघा, टोमणा नाही, काही नाही. बाई मनापासून कौतुक करत होती. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी वह्यांकडे पाहिलं. दीनाबाई म्हणाल्या, "अहो, सांगा त्यांना."

शेवटी मास्तर म्हणाले, "ती ग्रेसची खूण आहे, कोंडाबाई. मला एकोणतीस मिळाले होते. सहा वरून दिले."

"मग तुम्हाला दिली तशी मला द्या की एक चांदणी," कोंडाबाई म्हणाल्या.

कृपेच्या खुणेवर माणसानं 'कृपा' चिकटवली होती, मंडळी, आणि ती का, तर कृपा झाकायला!

दुसऱ्या दिवशी देऊळ भरलेलं. भोजनाची वेळ झाली, कोंडाबाई सवयीनं उठून ओसरीवर गेल्या. मास्तर उभे राहिले. म्हणाले, "पाळकसाहेब, कोंडाबाई तोंडी परीक्षेत नापास आहेत. मी अकरावीच्या गणितात नापास आहे. मी ते आजवर लपवलं. आम्हा दोघांना वाढा." आणि स्वतः ओसरीवर जाऊन त्यांना हाताला धरून घेऊन आले. भाकर हातात घेताना कोंडाबाई रडत होत्या. मास्तर त्यांच्यापेक्षा जास्त रडत होते. त्या दिवशी चपलांपाशी कुणीच नव्हतं आणि एकही चप्पल गेली नाही.

कोंडाबाई पुढच्या भोजनाला नव्हत्या. त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

आता तुम्ही खूश झालात, मास्तरांची जिरली म्हणून. मीही खूश होतो. वीस वर्षं गावोगाव ही गोष्ट सांगून त्यांची चांदणी लोकांना दाखवली. मग एकदा कीर्तन संपलं आणि बघतो तर शेवटच्या रांगेत मास्तर. थकलेले, काठी टेकून. मी लाजलो आणि लाज झाकायला चेष्टा केली. म्हटलं, "मास्तर, मग माझा तो एक मार्क आता तरी द्याल का?"

ते म्हणाले, "गोष्ट छान सांगतोस रे. पण एक मार्कच मागतोस, म्हणजे चौतीस तू स्वतः कमावलेस असं तुला अजून वाटतं."

मंडळी, खरंच होतं ते. चौतिसांचा माज मी वीस वर्षं कुरवाळत होतो, आणि वर कृपेवर कीर्तनं करत होतो!

तुमचे किती आहेत? नियमित येता, त्याचे दहा. उपास धरता, त्याचे पाच. शेजाऱ्यापेक्षा बरे आहात, त्याचे तर वीस. उरलेले दोनचार देवानं टाकावेत, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. असंच ना? घरी गेल्यावर आपापली फ्रेम बघा. त्यावर काय चिकटवलंय, आणि खाली काय झाकलंय.

पण ते घरी गेल्यावर. आत्ता आधी दाराकडे बघा. मी सुरुवातीपासून बघतोय, बाहेर चपलांपाशी दोन माणसं बसलीत. आत या म्हणायला तुमच्यातलं कुणी उठलं नाही. भिंतीला टेकलेल्यांनो, जरा सरका, त्यांना जागा करा. ती आत येऊन बसली, की मग आपण प्रार्थनेला उभे राहू.